एका वाक्याचा जबाब

— नाय नाय, तुमी लिहा ना, मी सांगतोय तसं. तार तुटली. द्राक्षाच्या मांडवाची तार, ताण बसला अन् तुटली, अन् दादाच्या डोळ्याला लागली. झालं. मी मल्हारी, अन् आत ऑपरेशन चाललंय तो कोंडाजी, माझा सख्खा थोरला भाऊ. याच्या पलीकडं मला काही सांगायचं नाय. दादानं गाडीतच बजावलंय — मल्हारी, डोळ्याचा मार हाय, सरकारी दवाखाना हाय, पोलीस विचारणार म्हणजे विचारणार — तू एकच वाक्य बोलायचं, तार तुटली, अन् तोंड मिटायचं. एका हातानं डोळ्यावरचा फडका दाबलेला, दुसरा हात माझ्या मांडीवर, अन् मी गाडी चालवतोय. म्हणलं, बरं दादा. तर झालं माझं वाक्य. आता मिटतो तोंड. — साहेब, तेवढं ते पेनाचं बटण नका दाबू. टिक टिक, टिक टिक. तुमचं काही चुकत नाय, तुमाला कळत बी नसंल हात काय करतोय ते, पण मला इथं कानामागं कोणी खिळा ठोकतंय असं होतं. अन् तो पंखा बी कुरकुरतोय वर. अन् त्या पलीकडच्या बाईंच्या पिशवीतला फोन सारखा थरथरतोय, त्यांना ठाऊकच नाय. तुमाला येत नाय आवाज? बरं.

काय म्हणलात? कुठं उभा व्हतो मी? दादाच्या समोर. म्हणजे ओळीत, दोन ओळींच्या मधी. कोणती तार? वरची. नाय — मधली, मधली असंल. गंजलेली कशी असंल साहेब, दोनच वर्षं झाली सगळ्या तारा लावून, मीच ओढल्यात ह्या हातांनी, गंज कुठून — म्हणजे, नवी तार बी तुटती कधी कधी. तुटती ना. तुमी लिहा. — तुमच्या पाटीवर शौकत लिहिलंय. आमच्या गावात एक शौकतभाई व्हते, मोटारी भरायचे, मोटारीचं वाइंडिंग, त्यांच्या दुकानात मी तासन् तास बसायचो, तांब्याची तार कशी गुंडाळली जाती बघत, बाप शोधत यायचा अन् तिथूनच कानाला धरून फरफटत न्यायचा — नाय, ही ती तार नाय. सॉरी. विषय कुठं व्हता आपला?

हां, ते खिशातलं. आधारकार्ड काढताना पडलं ते बघितलंत तुमी, मला कळलं. नशेच्या गोळ्या नायत त्या. चिठ्ठी हाय डॉक्टरांची, गाडीत असंल, का घरी असंल — कुठं तरी हाय. गंगापूर रोडला एक डॉक्टरीणबाई हायेत मेंदूच्या, म्हणजे मनाच्या, त्यांनी दिल्यात. एडीएचडी म्हणतात त्याला. लहान पोरांना असतं असं लोकांना वाटतं. असतं मोठ्यांना बी. माझ्या पोरीमुळं कळलं, नायतर मी चाळिशीचा झालो तरी मला वाटत व्हतं मी हरामखोर हाय. खरंच. सगळे तेच म्हणायचे ना, मंग मी कशाला निराळं समजू. विसरू नये म्हणून गोळी घ्यायची अन् सकाळी गोळीच विसरायची, असं चाललंय. आज घेतली का? सकाळी हातात घेतली व्हती. पाणी आणायला गेलो, तिथं घंगाळ्यात मुंग्या — नाय, नसंल घेतली.

तुमाला कसं सांगू साहेब. तुमी ह्या बाकावर बसलाय ना, तुमी निस्ते बसलाय. मी बसलेलो नाय. मला आतून कोणी तरी लाथा घालतंय. ऊठ, ते बघ, तिकडं जा, ते राहिलं, हे राहिलं, ऊठ भडव्या. सकाळी डोळे उघडले की चालू. दूध ठेवायचं गॅसवर अन् जायचं गोठ्यात, गोठ्यात दिसतं दावं तुटलंय, दाव्यासाठी जायचं शेडात, शेडात दिसतो फोन, कालपासून हरवलेला, फोनवर पाच जणांनी शिव्या घातलेल्या, त्यातल्या एकाला फोन लावायचा — अन् तिकडं घरात दुधाचा कोळसा, अन् कुसुम, माझी बायको, ओट्यापाशी उभी, तारेच्या घासणीनं पातेलं घासतीय. तिचं ते घासणं ऐकलं का साहेब मला वाटतं आपलं कपाळ फोडावं. अन् मी फोडलंय. हे बघा, भुवईच्या वर. हे अन् हे. दुसऱ्या कोणी नाय मारलेलं. खांब हाय पडवीत, त्याच्यावर. सात मोबाईल फोडले मी दगडावर ठेवून. मोटारीचा स्टार्टर लाथ मारून तोडला, कारण रात्रभर मोटर चालू राहून शेजारच्याचा कांदा पाण्यात गेला व्हता, अन् चालू कोणी ठेवली? मीच. मंग स्टार्टरचा काय दोष? पण त्या वेळेला काही तरी तुटायला लागतं. तुटलं की दोन मिनिटं शांत. तेवढीच दोन मिनिटं.

मार तर किती खाल्ला. गुरुजींनी रुळानं हाणलं, ही करंगळी तेव्हापासून वाकडी, सरळ होत नाय. वर्गात मधीच उठायचो, मधीच बोलायचो, दप्तर एकदा शाळेत राहायचं एकदा रस्त्यात. बाप तर — बापानं मला गोठ्यात बांधलं साहेब. पुस्तक समोर ठेवायचा अन् म्हशीच्या दाव्यानं खांबाला बांधायचा, कंबरेत, वाचून झाल्याबिगर सोडणार नाय. मी दावं चावायचो. हिरडीतून रक्त यायचं. अन् दादा यायचा शेतातून, असंल तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा, गाठ सोडायचा, अन् बाप आला की त्याच्यापुढं उभा राहायचा. माझ्या वाट्याचे पट्टे दादानं खाल्लेत. पाठीवर हायेत अजून, अंघोळ करताना दिसतात. त्यानं जन्मात मला हात लावला नाय. शिवी बी नाय. जगात एकच माणूस असा. लिहिताय का हे? हे नका लिहू, ह्याचा काय संबंध.

पोरीचं सांगत व्हतो. वल्लरी नाव. तिच्या मावशीनं ठेवलं, आमच्या गावात कोणाला नीट म्हणता येत नाय, सगळे वल्लीच म्हणतात. नऊ वर्षांची हाय. मागच्या साली हिला घेऊन सिन्नरला गेलो व्हतो, तिच्या मामाकडं. परत येताना रसाच्या गाडीपाशी बाकड्यावर बसवली, म्हणलं बस इथं, पाण्याची बाटली घेऊन येतो. बाटली घेतली. अन् समोर नाशिकची गाडी लागली, कंडक्टर ओरडतोय चला चला, मी चढलो. साहेब, मी चढलो अन् तिकीट काढलं अन् खिडकीत बसलो. बरा वारा येत व्हता. आमची गाडी पार शिंद्याच्या टोलापर्यंत आली तेव्हा हातातली बाटली बघितली. बाटली कोणासाठी? — चालत्या गाडीतून उडी मारली. हे कोपर. उलट्या बाजूची जीप धरून मागं. पोरगी तिथंच, बाकड्यावर, रडून रडून निळी, भोवती बायामाणसं. मी घुसलो अन् तिला उचलली अन् पळायला लागलो — का पळालो? मला काय ठाऊक, पाय पळाले. तर लोकांना वाटलं पोर पळवणारा. धरलं अन् धुतलं. पट्ट्यांनी, चपलांनी, एकानं उसाचं टिपरू घेतलं व्हतं. पोरगी किंचाळतीय पप्पा हायेत माझे, पप्पा हायेत, कोणी ऐकंना. अन् साहेब, मी हात नाय उचलला. आडवा बी नाय धरला. मनात म्हणत व्हतो, मारा. बरोबर मारताय.

अन् त्याच हातानं दोन महिन्यांनी मी तिला मारलं. पाढे म्हणत व्हती, सातचा, अन् मधीच उठून मांजराच्या मागं. परत बसवली. परत उठली. तिसऱ्या वेळेला मी — एकच, पण ओठ फुटला. दात गेला आत. अन् ती माझ्याकडं बघत व्हती, रडत नव्हती, निस्ती बघत व्हती, अन् मला ते बघणं ओळखीचं वाटलं. दादानं तिला उचलली माझ्यासमोरून. दुसऱ्या दिवशी कुसुमला अन् पोरीला घेऊन तोच गंगापूर रोडला गेला, शाळेतल्या बाईंनी नाव दिलं व्हतं. मला बी चल म्हणला. तिथं डॉक्टरीणबाईंनी पोरीचं सगळं ऐकलं अन् विचारलं, घरात लहानपणी असं कोण व्हतं? झालं, कुसुमनं माझ्याकडं बघितलं, दादानं बघितलं, पोरीनं बी बघितलं. मला तीन पानांचा फॉर्म दिला भरायला. तो मी हरवला. दुसरा दिला, तो गाडीच्या टपावर ठेवून गाडी सुरू केली. तिसऱ्या वेळेला बाई म्हणल्या, राहू द्या मल्हारराव, मला कळलं.

रडलो मी तिथं. चाळीस वर्षांच्या बाप्यानं रडावं का? रडलो. कारण बाई म्हणल्या, तुमी आळशी नाय, तुमी हरामखोर नाय. मेंदूला ब्रेक कमी हाय म्हणल्या. मी विचारलं, मंग मी पोरीला मारलं ते बी ब्रेक कमी म्हणूनच ना? तर चष्मा काढला त्यांनी अन् म्हणल्या, राग पटकन येईल, तो त्याच्यामुळं. हात उचलायचा का नाय ते तुमचं. लय लोकांना हे असतं अन् ते मुंगी मारत नायत, त्यांच्यावर असलं काही ढकलू नका. असं स्पष्ट म्हणल्या. म्हणून आता मी बी कशावर ढकलत नाय.

— कशावर म्हणजे? काही नाय. तार तुटली.

असं बघू नका साहेब. तुमची नोकरीच ती, माहीत हाय मला. पण दादानं जबाब दिलाय ना तुमाला, सकाळीच, भूल द्यायच्या आधी? त्यानं तार सांगितली ना? मंग माझं कशाला पाहिजे? शेजारी व्हतो म्हणून. हां. — तुमी कात्रीचं विचारणार असाल. गाडीत मागं पडलीय ती, छाटणीची, लाल मुठीची. तिला रक्त हाय. ते दादाच्या हाताचं — त्यानं डोळा धरला अन् मंग कात्री — नाय. बघा, मला खोटं बोलता येत नाय, खोट्याला लय लक्षात ठेवावं लागतं. एक खोटं धरून ठेवायचं म्हणजे मला गरम तवा धरल्यासारखं हाय. सुटतंच हातातून. दादाला हे ठाऊक हाय, म्हणून तर म्हणला एकच वाक्य. तेवढं बी नाय जमलं बघा मला.

पंपावरून सुरू झालं सगळं. तुमी शेतीवाले का? नाय? मंग ऐका, सोपं हाय. गवत मारायचं औषध असतं ना, तणनाशक, त्याचा थेंब बी द्राक्षाला चालत नाय. द्राक्ष लय नाजूक. म्हणून आमच्याकडं प्रत्येकाच्या घरी फवारणीचे दोन पंप असतात, बागेचा निराळा अन् गवताचा निराळा. गवताच्या पंपाला दादानं लाल रंगाचा पट्टा मारलाय, खास माझ्यासाठी, टाकीला बी, नळीला बी. आंधळ्याला कळंल असा. तर दिवाळी झाल्यावर मी बांधावरचं गाजरगवत मारायला निघालो अन् लाल पंपाचा वॉशर गेलेला. म्हणलं, आजचा दिवस बागेचा पंप वापरू अन् सोड्याच्या पाण्यानं तीनदा धुऊन ठेवू. धुतला की काही होत नाय. खरंच होत नाय, पण तीनदा धुवायला पाहिजे, नळीसकट. मारलं गवत. आलो विहिरीवर. बादलीत सोडा कालवला, टाकीचं टोपण काढलं, एक पाणी घातलं अन् टाकलं ओतून. दुसऱ्या पाण्याला गेलो तर ड्रिपची नळी फुटलेली, कारंजं उडतंय. ती जोडायला जॉइनर पाहिजे म्हणून शेडात. शेडात लाल पंप पडलेला. वॉशर गेलेला. म्हणलं ह्याचं करूनच टाकू. बसलो. दोन तास बसलो साहेब, असा मन लावून बसलो का उन्हाचं बी भान नाय, सगळा खोलला, साफ केला, नवा वॉशर कापून बसवला ट्यूबच्या रबराचा. तुमी बघाल तर म्हणाल कंपनीतून आलाय. अन् उठलो तेव्हा डोक्यात काय? पंप झाला. झालं काम. कोणता पंप ते नाय आलं डोक्यात. पंप झाला एवढंच.

दुसऱ्या दिवशी दादानं बागेचा पंप उचलला अन् मागच्या प्लॉटवर बुरशीचं औषध मारलं. सगळ्या प्लॉटवर, कोपरा न कोपरा, दादाचं काम कधी अर्धं नसतं. आठ दिवसांनी शेंडे वळायला लागले. पानं अशी मिटली, शिरा वर आल्या, घडांचे दोरे झाले. आज सकाळी दोघं गेलो बघायला. वाईट शेंडे कापून बघावेत म्हणून माझ्या हातात कात्री. दादानं आमच्या सल्लागाराला फोटो पाठवले अन् फोन लावला, तो फोनवरच म्हणला, कोंडाजीराव, ह्या पंपानं कोणी तणनाशक मारलंय का? दादानं फोन तसाच धरून मला विचारलं, मल्हारी, तू त्या दिवशी कोणता पंप नेला व्हता? म्हणलं बागेचा, पण धुतला. तीनदा धुतला का? म्हणलं हो. अन् मी खोटं नव्हतो बोलत साहेब, आईशप्पथ, त्या घडीला माझ्या डोळ्यांपुढं मी पंप धुतोय असं सगळं दिसत व्हतं, बादली, सोडा, सगळं. दादा म्हणला, नक्की? म्हणलं, हो ना, किती वेळा विचारतो.

दादानं फोन ठेवला. ओरडावं की नाय? तीन वर्षं वाढवलेली बाग, पोरांसारखी. एक शिवी घालावी, एक कानाखाली द्यावी, मी गप उभा राहिलो असतो. सिन्नरला राहिलो तसा राहिलो असतो. नाय बोलला. मातीत बसला अन् एक घड हातात घेतला, अन् हळूच म्हणला, जा मल्हारी, तू घरी जा, मी बघतो. तू राहू दे. — राहू दे. एवढंच. सगळे म्हणतात मला राहू दे. कुसुम म्हणती, गुरुजी शेवटी शेवटी म्हणायचे, पाहुणे म्हणतात. दादा कधी नव्हता म्हणला. दादा म्हणायचा, कर, मी हाय. साहेब, त्या शब्दानं माझ्या डोक्यात असा जाळ झाला ना — मी म्हणलं, मार ना मला. तो बघंना. म्हणलं, मार ना रे, बोल ना काही तरी. तो उठला अन् पाठ फिरवायला लागला, अन् माझ्या हातातली कात्री —

फेकली मी. सुटली नाय. फेकली. चांगला हात मागं नेऊन फेकली. तार-बीर काही नाय. त्यानं तेवढ्यात मान वळवली, माझ्याकडंच, काही तरी बोलायला असंल, अन् बसली. आवाज बी आला. तो गुडघ्यावर बसला अन् बोटांमधून रक्त. ओरडला नाय. म्हणला, गाडी आण मल्हारी. गाडी आण.

लिहा आता. लिहिलं का? अन् हे आज गोळी चुकली त्याच्यावर नका ढकलू, वकील तसंच म्हणंल, दादा बी म्हणंल उद्या, आजारी हाय माझा भाऊ. आजार विसरायला लावतो. नेम धरायला नाय लावत.

— पाणी नको. खाली ठेवा तो ग्लास, माझ्याकडून सांडंल.

गाडी लगेच आणली का? हे कोणी सांगितलं तुमाला विचारायला? हां, डॉक्टर. डॉक्टरांनी विचारलं मघाशी, डोळा इतका दाबून कोणी धरला व्हता, अशा डोळ्याला दाबायचं नसतं, दाबून दाबून आतलं बाहेर आलंय. किती वेळ धरला व्हता? मी म्हणलं ठाऊक नाय. — लगेच नाय आणली. बागेपासून घर पाच मिनिटं हाय. मी पळालो, जीव तोडून पळालो, किल्ली खुंटीला असती, म्हणजे दादा ठेवतो तिथं. वाटेत विहीर हाय. अन् विहिरीवर तो पंप. दादानं आणून ठेवलेला, अन् विहिरीवरच्या पाण्याच्या टाकीच्या मागं, झाडाखाली, माझी बादली. सोडा तळाला बसून दगड झालेला. आठ दिवस तिथंच व्हती ती. दुसऱ्या पाण्याची बादली. म्हणजे मी नव्हता धुतला. मी दादाला म्हणलं हो, अन् मी नव्हता धुतला. साहेब, मी थांबलो. मी बादली उचलली. मला वाटलं — काय वाटलं, काही नाय वाटलं. मी सोडा कालवला अन् पंप धुवायला लागलो.

एक पाणी घातलं, हलवलं, ओतलं. दुसरं घातलं. नोझल खोलून आतली जाळी दातांनी उचकटली, तार घालून भोक साफ केलं. शंभर फूट नळी हाय, ती पूर्ण सोडली, पाणी भरून तुडवत तुडवत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आणलं. डोक्यात एक आवाज नव्हता. कित्येक वर्षांत असं शांत वाटलं नव्हतं मला. दादाची हाक येत व्हती. ती ऐकू येत व्हती साहेब, तेच तर सांगतोय, बहिरा नव्हतो मी. मल्हारी, मल्हारी. प्रत्येक हाकेला मी म्हणत व्हतो, आलो, एवढं झालं का आलोच. तोंडानं म्हणत व्हतो. अन् हात नळी तुडव — म्हणजे पाय. तिसरं पाणी झालं. मंग पुसला बी. एक तास. कुसुम शेळ्यांना चारा घेऊन तिकडून आली अन् मला विचारलं, तुमच्या शर्टाला रक्त कसलं, तेव्हा मी वर बघितलं.

तोपर्यंत तो तिथं एकटा मातीत पडलेला, हाताच्या तळव्यानं डोळा दाबून. त्यानं विचारलं नाय मला कुठं गेला व्हतास. गाडीत बसला अन् तेच तारेचं वाक्य पढवायला लागला. मी सांगायला लागलो का दादा मी पंप — तर म्हणला, गप, तार तुटली.

काय लिहिलंत, वाचा बरं. — 'मांडवाची तार तुटून' — साहेब, मी तासभर काय बोललो मंग? दादाचा जबाब तसा हाय म्हणून? जखमी माणूस तक्रार करत नाय तर तुमी तरी कशाला, असं? बरं, समजा कात्रीचं लिहिलं, तर त्याला कलम हाय ना तुमच्याकडं? हाय. किती वर्षं? बरं. अन् पंपाला? भाऊ हाका मारतोय अन् मी तासभर पंप धुतला, त्याला कोणतं कलम लावणार? बघा ना पुस्तकात. लगेच आणला असता तर डोळा राहिला बी असता, डॉक्टर म्हणले. मला त्याचं कलम सांगा, मी तिथं सही करतो, आत्ता करतो, पळून जात नाय कुठं. — नाय? असलं काहीच नाय?

मंग काय उपयोग तुमचा. मिटा ती वही.

थांबा. — सिस्टर काय म्हणल्या? कोंडाजीचे नातेवाईक — मी, मी हाय. काय? शुद्धीत हाय, नाव घेतोय? माझं? — नाय साहेब, सही नाय, आत्ता काहीच नाय. तो हाक मारतोय. पाय घ्या तुमचे, दार सोडा. मला कोणी काही विचारू नका, कोणी काही दाखवू नका, मला नीट त्या दारातून आत जाऊ द्या. सरका.